मागच्या सीटवरची झोप

विमानमास्तरांबरोबर चालायला निघालं, की थोड्याच वेळात आपण एकटेच बडबडत चाललोय असं लक्षात यायचं. मास्तर मागे असायचे. थकून नव्हे, सत्तरी ओलांडली तरी त्यांची चाल माझ्यापेक्षा खणखणीत होती. तुमच्या उजव्या खांद्यामागे हातभर अंतर ठेवून, तुमच्या पावलाला पाऊल लावून ते यायचे. जव्हारच्या बाजारातून आम्ही दोघे असे निघालो, की प्रकल्प कार्यालयातल्या या क्लार्कला साध्या वेशातल्या पोलिसाने कशात तरी धरलंय, अशी नजर लोक माझ्याकडे टाकायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, "मास्तर, शेजारी या की. मागे वळून बोलायचं म्हणजे मान दुखते."

"मग वळू नकोस," ते म्हणाले. "पुढे बघून बोल. मला ऐकू येतं."

मास्तर मूळचे मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. भातखाचरांच्या बांधावरून चालत वाढलेली माणसं पुढे हमरस्त्यालाही एकामागे एकच चालतात. त्यामुळे त्यांची ही सवय मी बरेच दिवस पाड्याच्या खात्यावर टाकली होती. खरं कारण निराळं होतं. मास्तर आश्रमशाळेतून शिकत शिकत हवाई दलात गेले, वैमानिक झाले, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी नवीन पोरांना विमान शिकवण्यात घालवली. त्यांची मोठी बहीण जनीबाय पाड्यावर सगळ्यांना सांगायची, "आमचा बाळू विमानांच्या शाळंत मास्तर हाय." विमानं बाकांवर बसून पाढे म्हणताहेत, असं चित्र पाड्याने मनात धरलं असणार. निवृत्त होऊन त्यांनी जव्हारला, मोखाड्याच्या रस्त्यावर, आमच्या घराशेजारी घर बांधलं, तेव्हा हे नाव त्यांच्या सामानाआधी येऊन पोचलं होतं.

मास्तरांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या बैठका होत्या. जोडीची आणि रांगेची. लष्करी विमानात दोन माणसं बसवायची तर ती एकमेकांच्या शेजारी बसवावीत की मागेपुढे, हा वाद त्यांच्या मेसमध्ये जेवणापासून झोपेपर्यंत चालायचा म्हणे. दोन तट होते आणि कधीकधी मीठ मागितलं तरी समोरच्या तटातला माणूस द्यायचा नाही. मला त्यांनी हे प्रकरण दोन पाटांवर समजावलं. आधी पाट शेजारी मांडले. "हे जोडीचं विमान. शिकणारा इथे, मी इथे. त्याचे हात मला दिसतात, घाम दिसतो, कुठे बघतोय ते दिसतं. बोटाने दाखवता येतं. पोरगा लवकर शिकतो." मग एक पाट उचलून दुसऱ्याच्या मागे ठेवला. "हे रांगेचं. तो पुढे, मी मागे, जरा उंचावर. दोन्ही बाजूचं आभाळ दोघांना मोकळं. पण मला दिसतं काय, तर त्याचं हेल्मेट. आणि त्याला मी दिसतच नाही. नुसता कानात आवाज."

"मग चांगलं कुठलं?"

"जोडीत पोरगा लवकर शिकतो, रांगेत लवकर सुटा होतो," मास्तर म्हणाले. "कुठलं चांगलं ते ठरलं असतं तर मेसमध्ये आम्ही बोललो काय असतो?"

ही मोजपट्टी ते कशालाही लावायचे. लग्नाच्या पंगतीला ते जोडीची बैठक म्हणत, कारण शेजाऱ्याच्या पानावर काय वाढलं ते दिसतं. मोटारसायकलवर मागे बसून नवऱ्याला वाट सांगणाऱ्या बायकांबद्दल त्यांना फार आदर होता. "उत्तम प्रशिक्षक, फक्त आवाज कमी पाहिजे," म्हणायचे. माझ्या ऑफिसात साहेबांनी माझं टेबल आपल्या टेबलाला चिकटवून घेतलं, हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं होतं.

पण मास्तरांची खरी अडचण त्यांच्या डोळ्यांत होती, आणि तिथून या गोष्टीत माझा प्रवेश आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार. कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होईल. "म्हणजे पंगतीतले शेजारी दिसतील, समोरचं पान दिसणार नाही," असं मास्तरांनी मला समजावलं. दर रविवारी ते स्वतःची जुनी पांढरी गाडी चालवत मोखाड्यावरून पुढे पाड्यावर जायचे, जनीबायच्या हातची नागलीची भाकरी आणि बोंबलाची चटणी खायचे आणि उन्हं कलण्याआधी परत यायचे. आई लवकर गेल्यामुळे जनीबायनेच त्यांना वाढवलं होतं. ती पाडा सोडायला तयार नव्हती. त्यांचा मुलगा संदीप पुण्यात, तो म्हणाला, "बाबा, आता गाडी बंद. शिमग्याला येतो. तोवर सुरक्षित सोय झाली तर ठीक, नाहीतर घर बंद करून माझ्याबरोबर चला."

मास्तरांनी सोय करायचा प्रयत्न केला होता. त्यांनी दोन पोरांना हाताशी धरून गाडी शिकवली, चालवायला ठेवलं, आणि दोघेही हात बसल्याबरोबर ठाण्याला गेले. इकडचा पोरगा ड्रायव्हर झाला की त्याची गाडी आपोआप ठाण्याकडेच वळते. तेव्हा एका संध्याकाळी मास्तर आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "मला न पळणारा माणूस पाहिजे. तू कुठे जाणार नाहीस. तुझी तर बदलीसुद्धा कुणी करत नाही."

एवढं कौतुक ऐकल्यावर नाही म्हणवेना. आता, माझ्याकडे वाहन चालवायचा परवाना होता. वाहन चालवता येत नव्हतं, एवढंच. परवाना नसून चालवणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. मी त्यांची भरपाई होतो. हे मी मास्तरांना सांगितलं नाही, आणि पहिल्याच दिवशी आठवडी बाजारातून गाडी मागे घेताना एका सुकटवालीच्या ताडपत्रीची दोरी मागच्या बंपरला अडकवली. गाडी पुढे काढली, तसं पालही निघालं. मागून माणसं ओरडत होती. जव्हारच्या लोकांना मी गाडी चालवतो याचा इतका आनंद झालाय, असं समजून मी हातही हलवला. सुकटवाली धावत खिडकीशी आली. "ओ सायब, पाल तरी सोडा, का बाजार घेऊनच घरी जाताय?" अर्धी टोपली जवळा आणि करदी गाडीत आली होती. तो वास पुढे कित्येक महिने टिकला. मास्तरांनी तेवढ्यात पाल सोडवून दिलं, सांडलेल्या सुकटीचे पैसे दिले आणि माझ्या शेजारी बसत म्हणाले, "छान. जमिनीवरचं नुकसान लवकर उरकलेलं बरं. चला, कॅडेट."

तेव्हापासून मी कॅडेट झालो. माझी मुलगी कॉलेजात होती, ढेरीने पट्टा कधीच जिंकला होता, आणि मी कॅडेट.

शिकवणी जोडीची होती. मास्तर माझ्या डावीकडे बसायचे, उजवा हात हँडब्रेकवर अलगद ठेवून. ओरडायचे नाहीत. चूक होणार असली की त्यांची उजवी भुवई आधी वर जायची, मग हँडब्रेकवरची बोटं आवळायची, आणि मग अगदीच वेळ आली तर हात हलायचा. मी सगळं पटापट शिकू लागलो. क्लच, गियर, वळण, उतार. महिन्याभरात मी जव्हारहून मोखाड्याच्या फाट्यापर्यंत न थांबता जाऊ लागलो. बायको म्हणाली, "बघा, तुम्हालाही येतं." तिच्या या वाक्यातला 'ही' मला खुपला, पण मी खूश होतो. मास्तरही खूश होते. ते म्हणाले, "हात मऊ आहे तुझा. पहिले दोघे गाडीशी भांडायचे."

हात मऊ का होता, ते डिसेंबरात कळलं. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी पडली होती. पाड्याकडच्या वाटेला अवघड वळणं आहेत म्हणून मास्तरांनी सरावासाठी जामसरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचं मोठं खाचर मागून घेतलं. एका कोपऱ्यात पेंढ्याची भलीमोठी गंजी रचलेली होती. "गंजीला वळसा घालून ये," मास्तर म्हणाले. मी निघालो. गंजी जवळ आली. आणखी जवळ आली. भुवई जागेवरच होती. बोटंही सैल होती. म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून मी त्याच मऊ हाताने, जराही न गडबडता, गाडी गंजीत घातली.

आवाज झाला नाही. नुसता अंधार झाला. चारी काचांना पेंढा. सुकटीच्या वासात आता पेंढ्याचा वास मिसळला. थोड्या वेळाने बाहेरून शेतकऱ्याचा आवाज आला, "मास्तर, आतंच मुक्काम हाय का?"

मास्तर त्याला उत्तर न देता माझ्याकडे वळले. "कॅडेट, तुला गंजी दिसली होती?"

"दिसली होती की."

"मग?"

"तुमची भुवई वर गेली नाही," मी म्हटलं.

मास्तरांनी समोरच्या काचेला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "मला गंजी दिसली नाही." बोट काचेच्या कडेला नेलं. "कडेचे बांध दिसत होते. मधे मोकळं आहे असं वाटलं."

तेव्हा आम्हाला दोघांना एकदमच उमगलं, की गेला महिनाभर जव्हार–मोखाडा रस्त्यावर ती गाडी कोणीच चालवत नव्हतं. मास्तरांना रस्ता दिसत नव्हता, आणि मी रस्त्याकडे बघत नव्हतो. मी त्यांच्या भुवईकडे बघून चालवत होतो. एवढ्या वळणांवर आम्हाला कुणी तारलं, याचा मी अजून विचार करत नाही.

शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी दाताळ्यांनी पेंढा ओढून आम्हाला मोकळं केलं. मास्तर खाली उतरून बांधावर बसले. चहा आला, तो त्यांनी हातात नुसताच धरून ठेवला. "असा एक पोरगा होता माझ्याकडे," ते म्हणाले. "जोडीच्या विमानात फार छान उडवायचा. मला वाटायचं, मी काय शिकवलंय. रांगेच्या विमानात घातला आणि त्याला सरळ जाता येईना. तेव्हा कळलं, तो विमान उडवतच नव्हता. माझं तोंड वाचत होता. मी खूश दिसलो की विमान सरळ. चूक त्याची नव्हती. मी फार खूश व्हायचो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि बघ, पुन्हा तेच केलं. म्हातारपणी माणसाला शेजारी कुणी बसलेलं आवडतं."

मला वाटलं, आता शिकवणी संपली. शिमग्याला मास्तर पुण्याला जाणार. मी तसं चाचरत म्हटलंही. ते उठले, पँटला चिकटलेल्या पेंढ्याच्या काड्या झटकल्या, पुढचं दार बंद केलं आणि मागचं उघडलं. "जोडीचं विमान संपलं," ते आत बसत म्हणाले. "चला. त्याच गंजीला वळसा. उरलीय तेवढीला."

रांगेच्या शिकवणीतले पहिले काही दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, आणि जामसरच्या कोंबड्याही विसरणार नाहीत. डावीकडची सीट रिकामी. मास्तर बरोबर माझ्या पाठीमागे. मी मधला आरसा खाली वाकवून त्यात त्यांचं तोंड शोधलं, तर पाठून आवाज आला, "आरसा रस्त्यासाठी आहे, कॅडेट. माझं तोंड तुला पाठ झालंय." मी विचारायचो, "आता वळू?" उत्तर नाही. "मास्तर, समोर बैल आहे." उत्तर नाही. शेवटी बैलच कंटाळून बाजूला व्हायचा. एकदा चिडून मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "तुम्ही बोलत का नाही?"

"मला बैल दिसला नाही. तुला दिसला. मग बोलायचं कुणी?"

त्या दिवसापासून मी बोलायला लागलो. समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं आणि आपण काय करणार तेही सांगायचं. "पुढे मोरी आहे, वेग कमी करतो." "शाळेची पोरं आहेत, थांबतो." मास्तर मागून फक्त "हं" म्हणायचे. हळूहळू तो 'हं' कमी झाला. मग मी विचारलं, "मला जमलं हे कसं कळणार?" ते म्हणाले, "रांगेच्या विमानात एकच परीक्षा. मागच्या मास्तराला झोप लागली की पुढचा पास."

शिमग्याच्या आदल्या दिवशी संदीप पुण्याहून आला. भला माणूस, वडिलांवरच्या मायेपोटीच कडक झालेला. त्याने माझ्याबद्दल बाजारात चौकशी केली असावी, कारण चहा पिताना तो दोनदा म्हणाला, "भाऊ, राग मानू नका, पण मी स्वतः बरोबर येऊन बघणार." सकाळी तो माझ्या शेजारी बसायला लागला, तर मास्तरांनी त्याची बाही धरली. "तू मागे ये, माझ्याजवळ. त्याच्या शेजारी कोणी नको."

जव्हार सोडलं. मोखाडा गेलं. मी बोलत होतो. मागून एकही 'हं' आला नाही. मला वाटलं, मुलासमोर मास्तर मुद्दाम गप्प आहेत. मोठा रस्ता सोडून आम्ही पाड्याच्या अरुंद उतारावर लागलो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल घळ, आणि वळणावरून समोर उभी राहिली शिमग्याच्या बाजाराला निघालेली एसटी. खिडक्यांतून हात, टपावर कोंबड्यांचे डालगे. चढाची गाडी थांबत नाही, उतरणाऱ्याने मागे जायचं, हा घाटाचा कायदा. एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "ओ पाव्हणं, मागं घ्या जरा. मोहाच्या झाडाकडं जागा हाय."

मोहाचं झाड मागे होतं, चढावर, आधीच्या वळणाच्या पलीकडे. मागे घ्यायचं म्हणजे मागे बघायला हवं. किती आठवड्यांनी मी मागच्या सीटकडे तोंड फिरवलं. आधी संदीप दिसला. त्याने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा वाचला असता तर आम्ही सगळे घळीत असतो. मी मान आणखी वळवली. मास्तरांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि ते चक्क घोरत होते.

मी गाडी बंद पाडली. हे सांगायलाच हवं. नाहीतर मी फार शूर वाटेन. एकदा बंद पाडली, हँडब्रेक ओढला, पुन्हा सुरू केली. मग म्हटलं, "मागे झाड आहे, डावीकडे दगड आहे, हळू घेतो." ऐकणारं कुणी नव्हतं, तरी म्हटलं. गाडी मागे सरकत वळणातून गेली, मोहाखाली उभी राहिली. एसटी घासून निघून गेली. तिच्या ड्रायव्हरने जाताजाता हात वर केला. मीही केला. या वेळी बंपरला काही अडकलेलं नव्हतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा जनीबाय अंगणात उभी होती. तिने दार उघडून मास्तरांना हलवलं. "उठ रं, बाळू." ते डोळे चोळत उतरले. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, मग संदीपला म्हणाली, "हा झोपून आला? मागल्या साली यायचा तं सदरा घामानं भिजलेला असं. मी इचारलं तं सांगं, ऊन लागलंय. पौषात कसलं ऊन?"

 जेवणं झाल्यावर संदीप माझ्याबरोबर हात धुताना म्हणाला, "आई होती तेव्हा सांगायची, नोकरीत असताना बाबा घरीसुद्धा नीट झोपायचे नाहीत." मग हात पुसत म्हणाला, "गाडीचा विमा मी भरतो दरवर्षी. बाकी तुम्ही बघा." पुण्याचा विषय तिथेच मिटला. मी परत येताना मास्तरांना हळूच विचारलं, खरंच झोप लागली होती का? ते म्हणाले, "पास झालेल्या कॅडेटने पेपर परत मागायचा नसतो."

त्यानंतर मास्तर पुण्याला गेले ते लग्नकार्यापुरते. बाकीचे सगळे रविवार आमचे होते. डोळ्यांतला मधला भाग पुरता गेला, तसं मी रस्त्याबरोबर आणखी काय काय सांगू लागलो: नागली पिकलीय, करवंदं आलीत, अमक्याने घरावर पत्रे घातले. मागून 'हं' यायचा, किंवा घोरणं. गेल्या हिवाळ्यात, शनिवारी दुपारचं जेवण करून ते आपल्या घरात झोपले ते उठलेच नाहीत. जनीबायला आणायला मीच गेलो. मी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं, तर तिने मान हलवली, मागे गेली आणि माझ्या पाठीमागच्या जागेवर हात फिरवून विचारलं, "तो इथंच बसं ना?" मग तिथेच बसली. चढाला लागल्यावर मला बोलवेना. मोहाचं झाड आलं तेव्हा ती मागून म्हणाली, "काय दिसतं ते सांग की. त्याला सांगायचास तसं." मी सांगत गेलो, जव्हार येईपर्यंत.

संदीपने गाडी मला ठेवायला सांगितली. आता त्या गाडीवर माझी मुलगी शिकतेय. पहिला महिना मी तिच्या शेजारी बसलो. माझ्या भुवया दोन्ही वर जातात, त्यामुळे तिला काहीच समजायचं नाही. परवापासून मी मागे बसायला लागलो. ती मोखाड्याच्या रस्त्याला लागली की मोठ्याने सांगते, "बाबा, समोर बैल आहे. थांबतेय." मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसलेला असतो. मला अजून झोप लागत नाही. पण घोरायला मी शिकलोय.